धाकटीच्या तोंडातला पंचा

माझा जावई पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. मागे गणपतीत आला होता तेव्हा पडवीत बसून फोनवर कुणाला तरी समजावत होता. एक सर्व्हर पडला की दुसरा आपोआप उभा राहिला पाहिजे, गिऱ्हाइकाला कळतासुद्धा कामा नये, असं बरंच काही. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काय हो, हा दुसरा आपोआप उभा राहतो म्हणजे नक्की काय होतं?"

पोरगा गुणी आहे, सासूला उडवून लावत नाही. त्याने नीट सांगितलं. दोन यंत्रं जोडीने ठेवायची. एक काम करतं, दुसरं तयारीत असतं आणि सारखी पहिल्याची नाडी बघत असतं. नाडी थांबली की दुसरं लगेच काम उचलतं. तयारीतल्या यंत्राला स्टँडबाय म्हणतात आणि त्या उचलण्याला फेलओव्हर.

"आणि त्या तयारीतल्याच्या तोंडात पंचा कोंबलेला असला तर?" मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघतच राहिला. आतून माझी मुलगी ओरडली, "झालं! आईचं कोळंबीपुराण सुरू झालं!" सुरू झालं तर झालं. स्टँडबाय काय असतं ते मला शिकवू नका म्हणावं. मी ते ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला आमच्या खाजणात, भर दुपारी, गुडघाभर भिजून शिकले आहे.

आमचं घर रत्नागिरीजवळ, खाडीकाठी. हे बोटीवर इंजिनात कामाला होते. 'हे' म्हणजे आमचे यजमान. नाव घ्यायची सवय तेव्हा नव्हती, आता या वयात लावून घ्यायची नाही. आमच्या भागात घरटी एक माणूस बोटीवर नाहीतर मुंबईला, त्यामुळे नवरा घरात नसणं यात कुणाला काही विशेष वाटायचं नाही. मला वाटायचं. हे सुट्टीवर आले की मी फडताळातले निळ्या फुलांचे काचेचे कप काढायची. ते पाहुण्यांचे कप. एरवी त्यांना कुणी हात लावायचा नाही. आणि हेही घरात अगदी पाहुण्यासारखे बसायचे. चहाची पावडर कुठल्या डब्यात, पोरीची शाळा कधी सुटते, पावसाची झड कुठल्या खिडकीतून आत येते, कशाचा पत्ता नाही. जरा कुठे कळायला लागावं तोवर बॅग भरायची वेळ. मला त्याचा राग यायचा. ह्यांच्यावर रागवून उपयोग नव्हता, बोटीवर रागवून त्याहून नव्हता. म्हणून मी त्या कपांवर रागवायची. घासताना आपटायची, पण मेले एकदाही फुटले नाहीत.

मग एका खेपेला हे आले ते डोक्यात कोळंबी घेऊनच. कुठल्याशा पूर्वेकडच्या बंदरात त्यांनी कोळंबीचं बीज तयार करायची जागा पाहिली होती. अंडी धरलेली कोळंबी समुद्रातून जिवंत आणायची, सिमेंटच्या टाकीत तिचं बाळंतपण करायचं, पिल्लं जरा मोठी करायची आणि ज्यांची तळी आहेत त्यांना विकायची. तीळभराएवढी पिल्लं, लाखांनी. घरात हे बोलून दाखवलं तेव्हा सगळ्यांनी वेड्यात काढलं. एकट्या थोरल्या दिरांनी काढलं नाही.

दिरांना आम्ही सगळे दादा म्हणायचो. शाळामास्तर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले, एकटे, शिस्तीचे. सासरे गेल्यापासून घरात त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. खाडीलगतचं खाजण, म्हणजे खाऱ्या पाण्याची पड जमीन, त्यांच्या वाट्याचं होतं, ते त्यांनी धाकट्या भावाला दिलं. मनाने मोठा माणूस, पण एक खोड भारी होती. नवी वस्तू वापरायची म्हटलं की त्यांच्या जिवावर यायचं. रेडिओला शिवलेला झगा. स्कूटरच्या सीटवरचं प्लास्टिक स्कूटर म्हातारी झाली तरी निघालं नाही. छत्र्या दोन होत्या. एक ठिगळांची, ती घेऊन फिरायचे. दुसरी चांगली, ती कपाटात. का, तर पावसात भिजून खराब होईल!

टाक्या बांधल्या, वर मंगलोरी कौलांची शेड उभी राहिली. गावातल्या बायका त्याला कोळंबीचा दवाखाना म्हणायच्या, कारण प्रत्येक टाकीत सलाइनसारख्या बारीक नळ्या सोडलेल्या होत्या. त्या नळ्यांतून हवा यायची. खरा खेळ तिथे होता. एका टाकीत इतकी पिल्लं की पाण्यात सतत हवा सोडली नाही तर गुदमरून मरणार. माणसाच्या पोराला दूध उशिरा दिलं तर ते रडतं तरी. ही रडतसुद्धा नाहीत, गुपचूप तळाशी जातात.

हवा सोडायला एक ब्लोअर होता. मोटरवर फिरणारं यंत्र, एका तोंडाने हवा आत ओढायचं, दुसरीकडून नळात ढकलायचं. पण हे बोटीवरचे. त्यांचं म्हणणं, "भर समुद्रात पंप बंद पडला तर दुकानात जाता येत नाही. बोटीवर प्रत्येक यंत्राला जोडीदार असतो." म्हणून त्यांनी दुसरा ब्लोअर मागितला आणि दादांनी कोल्हापूरहून तो स्वतः निवडून आणला. नवाकोरा, हिरव्या रंगाचा. मी पहिल्याला थोरली म्हणायला लागले, दुसऱ्याला धाकटी, आणि तीच नावं पडली. ह्यांनी भिंतीवर एक पेटी बसवली. थोरली चालू असली की हिरवा दिवा. नळातली हवा कमी झाली की पेटीत खट् व्हायचं, पिवळा दिवा लागायचा आणि धाकटी आपोआप सुरू व्हायची. नारळ फोडला त्या दिवशी ह्यांनी मुद्दाम थोरली बंद करून दाखवली. खट् झालं, धाकटी घुमायला लागली आणि दादांनी शाळेतल्यासारख्या टाळ्या वाजवल्या.

मग हे म्हणाले, "दादा, दर सोमवारी पाळी बदलू. एक आठवडा थोरली, एक आठवडा धाकटी. बोटीवर असंच करतात."

दादांचा चेहरा पडला. "अरे, नव्या यंत्राला उगाच झिजवायचं कशाला? ते अडीअडचणीला ताजंतवानं नको?"

ह्यांनी मान डोलावली. मोठ्या भावाला उलटून बोलायची ह्यांना सवय नाही. पण मला देवाने तोंड दिलंय. मी म्हटलं, "पडून राहिलं तर त्याला गंज नाही का लागणार?"

"अगो, लग्नातला शालू तू रोज नेसतेस का?" दादा म्हणाले.

"नेसत नाही, म्हणून तर कसर लागली त्याला."

दादा हसले, पण पाळी काही बदलली नाही. धाकटी कोपऱ्यात बसून राहिली, वर दादांनी शिवून घेतलेला खादीचा झगा घालून.

पहिली खेप पाण्याच्या दोषाने हातची गेली. हे दोन दिवस जेवले नाहीत. दुसरी खेप टाकीत पडली तेव्हा दादांनी ह्यांना पुढ्यात बसवून सांगितलं, "पावसाच्या तोंडापर्यंत बघू. ही खेप तरली तर रहा. नाही तरली तर हट्ट नको, बोटीवर जा. पोरीचं पुढचं बघायला हवं." हे "बरं" म्हणाले. मुंबईच्या एजंटाने तसाही निरोप धाडून ठेवला होता की पावसाळ्यात एका बोटीला माणूस लागणार आहे. मी दाराआड उभी होते. मला एकच कळलं, त्या टाक्यांतली तीळभर पिल्लं जगली तर माझा नवरा घरात राहील.

तेव्हापासून मी डोळ्यांत तेल घालून बसायची. स्वतःच्या पोरीला एवढं जपलं नसेल. अंडं मऊ शिजवायचं, फडक्यातून गाळायचं आणि ते वेळेवर टाकीत सोडायचं. ह्यांचा मुक्काम तिथेच. सगळ्या टाक्यांतलं पाणी भाताला आधण आल्यासारखं सारखं खदखदत असायचं आणि त्या आवाजाची इतकी सवय झाली की घरी आलं तर कान रिकामे वाटायचे.

त्या वर्षी शिमग्याला हे कितीतरी वर्षांनी गावात होते. आमच्याकडे पालखी घरोघर येते, ढोलावर नाचते. दादा मानकरी, त्यांचा खांदा पहिला. पालखी जमिनीला टेकता कामा नये आणि नाच थांबता कामा नये, म्हणून दुसरा माणूस नाचतनाचतच दांड्याखाली खांदा घालतो, भार त्याच्याकडे आला की पहिला अलगद बाहेर. दादा दमले तेव्हा ह्यांनी तसा खांदा घातला. अंगणात उभी राहून मी ते पाहिलं आणि मला फार बरं वाटलं. एवढं बरं वाटलं की मी उगाचच शेजारणीशी भांडले.

वैशाख संपत आला, आगोटीची घाई सुरू झाली. लाकडं रचायची, नारळाचे झाप बांधायचे, सुकी मासळी भरायची. पाऊस येण्याआधी जे जे भिजेल, कुजेल, गंजेल ते झाकायचं. यात दादांचा हात धरणारा कुणी नव्हता. सुंभ आणि प्लास्टिक घेऊन ते दिवसभर काहीतरी गुंडाळत असायचे.

पिल्लं विकायच्या जोगी झाली होती. राजापूरकडच्या एका तळीवाल्याने पाहायला येतो म्हटलं होतं. त्याला घेऊन यायला हे सकाळच्या पहिल्या एसटीने निघाले. जाताना मला म्हणाले, "लाइट गेली तर डिझेलचं इंजिन सुरू करायला दादा आहेत. बाकी काही झालं तर धाकटी आहे." मी म्हटलं, "तुम्ही निवांत जा."

दुपारी मी अंडं गाळत होते. दादा दाराशी सुंभ वळत बसले होते. अचानक थोरलीचा आवाज बदलला. पाट्यात खडा अडकावा तशी घरघर झाली, जळका वास आला आणि ती थांबली. माझ्या हातातलं फडकं खाली पडलं. तेवढ्यात भिंतीवर खट् झालं, पिवळा दिवा लागला आणि धाकटी घुमू लागली.

"बघितलंस!" दादा उठून उभे राहिले, अगदी आनंदात. "बघितलंस? म्हणून जपून ठेवायचं असतं! कशी एका फटक्यात लागली!"

मलाही हुश्श झालं. खाली पडलेलं फडकं उचलायला वाकले आणि टाकीकडे नजर गेली. पाणी आरशासारखं होतं. एक बुडबुडा नाही.

"दादा, हवा कुठाय?"

"म्हणजे काय? दिवा लागलाय ना? आवाज येतोय ना?"

"दिव्याला काय श्वास घ्यायचाय?" मी ओरडले. थोरल्या दिरांवर मी तशी कधी ओरडले नव्हते. "पाण्यात बघा!"

दादांनी पाहिलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मी नळाला हात लावत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावले, कुठे निसटलाय का, फुटलाय का. सगळं जागच्या जागी होतं. पिल्लं खाली जायला लागली होती. एरवी पाण्यात धुळीसारखी पसरलेली असायची, ती आता तळाशी गोळा व्हायला लागली.

ओहोटी होती म्हणून बरं. खाडीच्या चिखलात गावच्या सात-आठ बायका तिसऱ्या शिंपल्या काढत होत्या. मी बांधावर उभी राहून बोंबलले, "अगो, धावा गो! पोरं मरतायत!" त्या बिचाऱ्या खरंच पोरं समजून चिखलातून धावत आल्या. येऊन बघतात तर कोळंबी. दुसऱ्या कुणी शिव्या घातल्या असत्या. त्यांच्यातली एक म्हातारी म्हणाली, "पोरंच ती. काय करायचं सांग."

मी कळश्यांच्या तोंडाला पातळ फडकी बांधून दिली. फडक्यातून पाणी आत घ्यायचं, म्हणजे पिल्लू येत नाही, आणि मग फडकं बाजूला सारून हात उंच करून धार टाकीत सोडायची. धारेबरोबर हवा जाते. बायका टाकीभोवती उभ्या राहिल्या. कळशा बुडू लागल्या, धारा पडू लागल्या. "सावकाश गो, डोक्यात नको घालूस त्यांच्या," एक दुसरीला म्हणाली. जिथे धार पडत होती तिथे पिल्लं जरा हलत होती. बाकी टाकी तशीच. आणि हात किती वेळ पुरणार?

इकडे धाकटीचा आवाज चढत चालला होता. झगा ओढून काढला आणि मी तिच्या अंगाला हात लावला, चटका बसला. यंत्र चालतंय, तापतंय, आणि हवा नाही. मी दादांकडे वळले, तर दादा पुतळा झालेले. ओठ हलत होते.

"काय म्हणताय?"

"पंचा," दादा म्हणाले. "तिच्या तोंडात पंचा आहे गो."

मला कळेचना. त्यांनी कसंबसं सांगितलं. दोन दिवसांपूर्वी त्यांना धाकटीच्या तोंडाशी कुंभारीण माशी घोंगावताना दिसली. आमच्याकडे ती माशी मिळेल त्या भोकात मातीचं घर करते. नव्या यंत्रात माती जायला नको म्हणून दादांनी तोंडावरची जाळी काढली, आपला जुना पंचा आत कोंबला आणि वरून जाळी पुन्हा बसवून टाकली. आगोटीचं एक काम झालं! बाहेरून काही दिसायचा प्रश्नच नव्हता. करायला गेले गणपती, झाला मारुती.

मी पेटीतला खटका पाडला. धाकटी थांबली आणि शेडमध्ये नुसता कळशांचा आवाज राहिला. जाळीचे स्क्रू काढायला पेचकस हवा होता, तो ह्यांच्या हत्यारांच्या पेटीत, तिला कुलूप. दादांनी इकडेतिकडे पाहिलं, झाप तोडायची कोयती उचलली आणि जाळीच्या कडेत घालून दिला एक हिसका. हिरवा रंग उडाला, जाळी वाकली, निघाली. जन्मात पहिल्यांदा त्या माणसाने नवी वस्तू मोडली असेल. पंचा आत खोल ओढला गेला होता. टोक सापडेना. मग दादांच्या बोटांना टोक लागलं, मी दादांचं मनगट धरलं आणि आम्ही दोघांनी ओढला. भावजय आणि थोरले दीर, ज्यांनी एकमेकांना कधी हात लावला नव्हता, ते शिस्तीचे मास्तर आणि मी बडबडी, दोघं रस्सीखेच खेळल्यागत ओढत होतो. पंचा सुटला तसे दोघंही मागे पडलो.

मी उठून खटका वर केला. धाकटी घुमली. नळ एकदा खोकला, दोनदा खोकला आणि टाकीत बुडबुडे आले. आधी एका कोपऱ्यात, मग सगळीकडे. आधण आलं! बायकांनी कळशा खाली टाकून असा गलका केला की बंदरावर ऐकू गेला असेल. मी मात्र टाकीच्या कठड्यावर डोकं ठेवून रडले. घाबरून रडले, आनंदाने रडले, हात दुखत होते म्हणूनही रडले. दादा जमिनीवर बसून होते, मांडीवर तो ओला, करपलेला पंचा.

ऊन कलल्यावर हे आले, बरोबर तळीवाला. शेडमध्ये सगळा चिखल, बायका पदर पिळतायत, जाळी वाकडी. ह्यांनी मला काही विचारलं नाही, सरळ टाकीत हात घातला. तळाला मेलेल्यांचा थर होता, तो आम्ही काढत होतोच. वरची किती धड आहेत ते बघायचं होतं. तळीवाल्याने एक पांढरा वाडगा मागितला. त्यात पिल्लं घेतली आणि बोटाने पाणी गोल फिरवलं. मला ते ठाऊक होतं. पिल्लू अशक्त असलं तर पाण्याबरोबर फिरत मध्ये गोळा होतं. जोमदार असलं तर उलटं, प्रवाहाच्या विरुद्ध पोहतं. आम्ही सगळी त्या वाडग्यावर वाकलो. श्वास कुणी घेत नव्हतं.

पिल्लं उलटी पोहत होती. मध्ये दोन-चार गेली, बाकी सगळी कडेला धरून उलटी.

"पोरं जोरकस आहेत," तळीवाला म्हणाला. "नेतो."

तो गेल्यावर दादा स्वतः ह्यांच्यापुढे आले आणि पंचा पुढे धरला. सगळं सांगितलं, एक शब्द लपवला नाही. ह्यांनी पंचा उलगडून पाहिला, घडी घातली आणि दादांना परत दिला. म्हणाले, "माशी मात्र आत गेली नाही हं, दादा." एवढंच. ह्यांचा स्वभाव असा आहे. माझा नाही.

"दादा," मी म्हटलं, "शिमग्याला तुम्ही खांद्याला दुसरा माणूस घेता, तो नाचणाऱ्यांतलाच घेता ना? की एकाला कापडात गुंडाळून कोनाड्यात ठेवता आणि तुम्ही दमलात की त्याला बाहेर काढता?"

हे खाली बघायला लागले. दादांनी पंचा झटकून खांद्यावर टाकला. मला वाटलं, आज आपण जरा जास्तच बोललो. मग ते म्हणाले, "सोमवारपासून पाळी लाव रे."

रविवारपर्यंत ह्यांनी थोरलीचं बेअरिंग बदललं. सोमवारी दादा धुतलेलं धोतर नेसून शेडमध्ये हजर. ह्यांनी चालती धाकटी बंद केली नाही. आधी थोरली सुरू केली, तिची हवा नळात आल्याची खात्री केली, पाण्यात बघितलं, आणि मग धाकटीचा खटका पाडला. पाण्याला काही कळलंसुद्धा नाही.

"आधी खांदा, मग मोकळं," दादा म्हणाले.

तो सोमवार त्यांनी आपलाच करून टाकला. दर सोमवारी येणार, दोन्ही जाळ्यांच्या आत बोट घालून बघणार, खटके ह्यांना पाडू न देता स्वतः पाडणार. दिव्याकडे ढुंकून बघायचे नाहीत, आधी पाणी. पाऊस लागला तेव्हा एकदा ते येताना दिसले आणि मी ह्यांना कोपराने ढोसलं. दादांच्या डोक्यावर कपाटातली चांगली छत्री होती, भिजत होती.

तोवर पुढची खेप टाकीत पडली होती, पण माझ्या मनातली धाकधूक गेली नव्हती. एजंटाचा निरोप आला की काय होईल? हे शब्दाला पक्के. खेप तरली होती खरी, पण दादा पुन्हा म्हणाले असते की पावसाळ्यापुरता जाऊन ये, तर हे गेले असते. आणि बोटीवर 'एकदाच जातो' म्हटलेलं कधी एकदाच नसतं.

एका सोमवारी मी वाण्याकडे गूळ आणायला गेले होते. गावात फोन तेवढा एकच. तर आत दादा रिसीव्हर कानाला लावून उभे. मुंबईचा फोन म्हणजे मुंबईपर्यंत ऐकू जाईल असं ओरडायची तेव्हा पद्धत होती. सगळा बाजार ऐकत होता, मीही पोत्यांआड उभी राहून ऐकत होते.

"हॅलो! हो, मी त्याचा भाऊ! ... काय? ... नाही, तो नाही येणार! ... अहो, आज सोमवार आहे! सोमवारी आमच्याकडे खांदा बदलायचा असतो! ... खांदा! खांदा! ... पुढच्या महिन्यात? पुढच्या महिन्यातही सोमवार येतात! ... नाही, नाही, त्याला विचारायची गरज नाही. तुम्ही दुसरा माणूस बघा. आमच्याकडे दोनच आहेत, आणि मी म्हातारा आहे!"

रिसीव्हर ठेवून वळले तर समोर मी. दादांनी नजर भिंतीकडे केली. "काय बघतेस? गूळ घेतलास का?" म्हणाले आणि छत्री उघडून निघून गेले. मी गूळ न घेताच घरी आले.

हे पडवीत पाय धूत होते. मी चहा टाकला. फडताळ उघडलं, निळ्या फुलांच्या कपांकडे बघितलं आणि फडताळ पुन्हा लावलं. कान तुटलेला माझा रोजचा कप होता, त्याच्या जोडीचा दुसरा धुऊन घेतला आणि त्यात ह्यांना चहा दिला.

"बोटीचा फोन आला होता," मी म्हटलं. "दादांनी सांगितलं, सोमवार आहे."

हे हसले. कप फिरवून बघितला. "काचेचे फुटले?"

"नाही. आहेत फडताळात."

ह्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं, मग एक घोट घेतला. "पातळ झालाय," म्हणाले. "पावडर संपत आली वाटतं. पोह्यांच्या मागच्या डब्यात थोडी आहे बघ, मी ठेवलीय."

त्या डब्यात पावडर आहे हे मलाच माहीत नव्हतं.